भरवशाचा आकडा

ताईच्या स्वयंपाकघरात खुर्चीच्या पाठीवर नवाकोरा गणवेश टाकलेला होता, आणि तो हिरवा होता. टेकडीखालच्या शाळेचा गणवेश निळा. धाकटी दारातच थबकली.

"हा कुणाचा गं?"

"कुणाचा म्हणजे? तुझ्या भाचीचा," ताई गॅसकडे तोंड करून म्हणाली. "सोमवारपासून नव्या शाळेत जाणार ती. तिकडे बसची सोय चांगली आहे."

धाकटीला हसूच आलं. नवी शाळा पार गावाच्या दुसऱ्या टोकाला. टेकडीखालच्या शाळेत पोरगी हसतखेळत चालत जायची. दाराशी असलेली शाळा सोडून बसचे धक्के खायला कोण जातं? मग तिचं हसू आपोआप विरलं.

टेकडीपलीकडे रॉकेटची इंजिनं पेटवून बघण्याचं केंद्र उभं राहिलं होतं. तिथे इंजिन उडत नाही. त्याला जमिनीशी जखडून टाकतात आणि ते जागच्या जागी गर्जत राहतं. ती गर्जना आसपासच्या कानांना, भिंतींना, तळ्याकाठच्या पाखरांना कितपत सोसवेल, हे मोजून सांगायचं काम धाकटीकडे आलं होतं. टेकडीखालच्या शाळेतल्या लेकरांचे कान हा त्यातला कळीचा प्रश्न. आकडा मर्यादेबाहेर गेला असता, तर मोठी इंजिनं इथे पेटवताच आली नसती.

गावकरी कुणावरच विश्वास ठेवायला तयार नव्हते, पण परवानगी देणाऱ्या समितीच्या बैठकीत धाकटीचं नाव निघालं तेव्हा कुणी हरकत घेतली नाही. सख्ख्या मामाचा रंगाचा कारखाना नदी नासवतो म्हणून तिने बंद पाडला होता. मामा अजून तिच्याशी बोलत नाही. घरात तेव्हापासून सगळे तिला तराजू म्हणतात. भाऊजी त्याच केंद्रात इंजिनं चालवतात, हेही तिने बैठकीत आपणहून सांगितलं. त्यावर एक म्हातारा म्हणाला, "हिच्या मामाला विचारा, नातं मध्ये येतं का ते." सगळे हसले आणि काम तिलाच मिळालं.

चाचणीच्या दिवशी तिने काही कसर ठेवली नाही. वर्गात, अंगणात, मागच्या तळ्याकाठी, सगळीकडे यंत्रं मांडली. इंजिन पेटलं तेव्हा खिडक्या नुसत्या थरथरल्या. तळ्यावरचे बगळे उडाले आणि थोड्या वेळाने परत येऊन बसले. आकडा मर्यादेच्या आत होता. तिचा जीव भांड्यात पडला. मुलांची नावं काढायला आलेल्या आयाबापांनी फाटकाशी तिला गराडा घातला, तेव्हा ती छातीठोकपणे म्हणाली, "खुशाल ठेवा मुलांना. माझी भाचीसुद्धा इथेच शिकते." ते ऐकून त्यांनी पोरांना परत वर्गात धाडलं.

"ताई, माझ्याकडे बघ. शाळा का बदललीस?"

ताईने गॅस बंद केला, पण वळली नाही. "तुझा रिपोर्ट गेला ना? मग आता कशाला उकरून काढतेस?"

धाकटीला चाचणीचा दिवस आठवला. त्या दिवशी तिने सगळं स्वतः मोजलं होतं, एक गोष्ट सोडून. इंजिन किती जोरावर चाललं, ते भाऊजींनी सांगितलं होतं. पूर्ण जोरावर, म्हणाले होते. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं, तर ती चाचणीकक्षात जाऊन इंजिनाचा जोर दाखवणाऱ्या पडद्यासमोर उभी राहिली असती. भाऊजींना तिने उलट प्रश्नसुद्धा केला नाही. नातं मध्ये आलं होतं आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता.

"ते पूर्ण जोराचं नव्हतं ना?"

"निम्मं," ताई म्हणाली. "पूर्ण जोराचं पुढच्या महिन्यात आहे. त्याचा आकडा तू मोजला असतास, तर तो मर्यादेबाहेर गेला असता आणि हे घरी बसले असते. नोकरी गेली असती, हे घर गेलं असतं. तुझं काय, तू मोजून मोकळी."

धाकटीला राग यायला हवा होता, पण आधी रडू आलं. जिचं बोट धरून ती पहिल्यांदा शाळेत गेली, तिनेच केसाने गळा कापला होता. त्यातून स्वतःचं लेकरू तेवढं अलगद बाजूला काढून घेतलं होतं. फाटकाशी भेटलेल्या आयांचे चेहरे तिच्या डोळ्यांसमोरून हलेनात. त्यांनी यंत्रावर विश्वास ठेवला नव्हता, तिच्यावर ठेवला होता.

"मी आत्ता जाऊन सांगणार आहे," ती म्हणाली. "शाळेतही आणि समितीलाही. माझा आकडा खोटा आहे म्हणून."

"सांग. तू कुणाला सोडणार आहेस थोडीच."

धाकटी दारापर्यंत गेली आणि तिथूनच वळली. एक गोष्ट तिला गिळताच येत नव्हती.

"हवा तो आकडा लिहून देणारे पायलीचे पन्नास मिळाले असते तुम्हाला. मग मलाच का गं बुडवलंत?"

ताईने आता पहिल्यांदाच तिच्याकडे पाहिलं. तिचेही डोळे भरले होते.

"त्यांचं कुणी ऐकलं असतं?" ती म्हणाली. "म्हणून तर बैठकीत तुझं नाव मी सुचवायला लावलं."