बालाक

"काय गं इत्तो, मला खेचर समजलीस का?"

मैत्रिणी म्हणाल्या, "हिंमत असेल तर विचार," म्हणून नुहैलाने भर मैदानात विचारलंच. फेज शहराच्या अरुंद गल्ल्यांत खेचरवाले 'बालाक! बालाक!', म्हणजे 'हटा, हटा!' ओरडत जातात. शाळांच्या शर्यतीत शेवटच्या वळणावर मागून येणारी इत्तो तेच ओरडली आणि नुहैलाचं डोकंच फिरलं. तिने असं काही कोपर मारलं की इत्तो खडीवर आपटली. पंचांना काहीच दिसलं नाही, आणि पहिल्या नंबरचं पदक नुहैलाच्या गळ्यात पडलं!

सोलवटलेला गुडघा पुसत इत्तो म्हणाली, "अगं, मी 'रेद्द बालाक' म्हणत होते, सांभाळ म्हणून! तुझ्या बुटाची नाडी सुटली होती."

नुहैलाने खाली पाहिलं. नाडी अजूनही लोंबत होती. मैत्रिणींचं खिदळणं थांबलं.

घरी यम्माने शेजारणींना चहाला बोलावलं होतं आणि बाबा पदकासाठी भिंतीत खिळा ठोकत होते.



"बाबा, यम्मा, उद्या मी सरांना पदक परत देणार आहे. कोपर मी मुद्दाम मारलं होतं."