उष्टं ताट

"ते आल्याशिवाय नाही," ठमाबाई म्हणाल्या आणि ताट दूर सारलं.

सुई टोचून दहा मिनिटं झाली होती.

दिनानाथने काचेची पिचकारी कोनाड्यात ठेवली. तो श्रीवर्धनच्या दवाखान्यात कंपाउंडर होता. आईच्या पायाची जखम चार महिने भरत नव्हती. शेवटी डॉक्टरांनी मुंबईहून बोटीने इन्सुलिन मागवलं. तालुक्यात हे औषध अजून कोणी पाहिलंही नव्हतं. बाटली हातात देताना त्यांनी एकच गोष्ट बजावली. सुई दिली की अर्ध्या तासात पोटात अन्न गेलं पाहिजे. नाही गेलं, तर हेच औषध जीव घेईल.

कालपर्यंत कमळ सासूला भरवायची आणि त्या निमूट खायच्या. भरवणारी आपली सून आहे हे त्यांना कळत नसे. तोंडापुढे घास आला की तोंड उघडत. आज मात्र त्यांना नवरा आठवला होता. नाना बंदरावर कारकून होते. पहाटे बोटीवर जायचे, सकाळी नऊला जेवायला घरी यायचे. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली होती.

आत्ता नऊच वाजले होते.

वीस मिनिटं.

"आई, नाना आज बंदरावरच जेवले."

"मग उष्टं ताट कुठाय?"

या घरात बायको नवऱ्याच्या उष्ट्या ताटातच जेवायची. ताट उष्टं नाही, म्हणजे नाना जेवले नाहीत. आईच्या डोक्यातलं सगळं पुसून गेलं होतं, तेवढं उरलं होतं.

"तू कोण गो?" ठमाबाईंनी कमळला विचारलं. "शेजारची ना? तुमच्यात बायका आधी जेवतात वाटतं?"

"जेवतात हो. तुम्हीपण जेवा."

"निर्लज्ज कुठची," ठमाबाई म्हणाल्या आणि हसल्या. हसताना दात वाजत होते.

तीस.

कपाळावर घाम. बोटं थरथरायला लागली. कमळने गुळाचं पाणी कालवून आणलं. दिनानाथने आईचा जबडा धरला. एक घोट आत गेला. बाकीचं लुगड्यावर सांडलं. मग त्यांनी दात आवळले ते सुटेनात.

"अहो," कमळ म्हणाली, "नानांचा कोट काढा."

पस्तीस.

पेटी. कोट. डोक्याला रुमाल. मागच्या दाराने बाहेर, वाडीला वळसा, पुढचं दार. दिनानाथ नानांसारखा खाकरला.

ठमाबाई उठल्या. भिंत धरल्याशिवाय ज्यांना उभं राहता येत नव्हतं, त्या उठल्या. त्यांनी पाट मांडला, ताट पुढे ठेवलं, तांब्या भरला, पदर सारखा केला. मान वर केली नाही.

दिनानाथ पाटावर बसला. चार घास भराभर गिळले. जेवताना बोलला नाही. नानाही बोलत नसत. बाकीचा भात तसाच ठेवून तो उठला, तशा त्या त्याच ताटावर बसल्या आणि जेवल्या. शीतसुद्धा टाकलं नाही.

पन्नास.

घाम सुकला. हात स्थिर झाले. कमळ दाराआड डोळे पुसत होती.

"अकरा वर्षं झाली," ती पुटपुटली, "तरी केवढी माया!"

नानांनी आवाज चढवलेला दिनानाथने कधी ऐकला नव्हता. संध्याकाळी पुन्हा सुई होती. पुन्हा कोट घालायचा, त्याने ठरवलं. रोज घालायचा. दोन्ही वेळा. आई आहे तोवर.

आता मिनिटं मोजायची गरज नव्हती.

ठमाबाई हात धुऊन आल्या. त्यांनी दार आतून लावलं. दिनानाथच्या पायाशी, त्याच्याकडे पाठ करून त्या खाली बसल्या आणि पाठीवरचा पदर बाजूला केला.

"तुमच्या आधी एक घोट घेतला मी," त्या हळूच म्हणाल्या. "पण दिनूला शाळेत जाऊ द्या. मग मारा."