पाणी निवळेपर्यंत

"अजी, पाणी निवळलं काजी?" रुख्माबाईनं स्वयंपाकघरातूनच विचारलं.

"निवळलंच म्हणायचं," समोरच्या खोलीतून हिरालाल म्हणाले.

बरं झालं. आता अश्विनचा फोन आला की तेच सांगता येणार होतं.

मुलगा अश्विन नागपूरला नोकरीला. दिवाळीच्या सुट्टीत येऊन त्यानं ही माशांची काचेची टाकी बाबासाहेबांच्या फोटोखालच्या टेबलावर मांडली होती. बाबा रिटायर झालेले, अलीकडे पेपरही वाचेनासे झाले होते. निदान माशांत त्यांचं मन रमावं. जाताना त्यानं दोघांना बजावलं होतं, "घाई करू नका. खडे चांगले धुवा. नळाचं पाणी बादलीत ठेवून मग ओता. फिल्टर बंद करू नका. पाणी तयार झालं का मी येतो अन् मासे आणतो."

खडे रुख्माबाईनं धुतले, अंगणातल्या नळाखाली, परातीत, तांदूळ धुवावेत तसे. पाणी गढूळ येतंय की नितळ, हे तिला दिसत नव्हतं. बोटांना माती लागेनाशी झाली तेव्हा ती थांबली.

ही गोष्ट तिनं कोणालाच सांगितली नव्हती. उन्हाळ्यापासून डोळ्यांपुढं धुकं दाटत गेलं होतं, आणि आता तर माणूस कोणता अन् दार कोणतं हे आवाजावरूनच कळायचं. पण अश्विन एकदा बोलून गेला होता, "तुमच्यापैकी एकाचंही काही बिघडलं, तं मी ऐकणार नाही. घर विकायचं अन् नागपूरले चलायचं."

नागपूरला चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट. आणि हिरालालचा जीव या घरात. बैहरला जंगलखात्यात नोकरी करता करता एकेक खोली करत त्यांनी ते उभं केलं होतं. अश्विनला पाठीशी बांधून रुख्माबाईनं स्वतः भिंतींवर पाणी मारलं होतं. आपल्या डोळ्यांपायी त्यांचं घर जावं?

म्हणून ती गप्प राहिली, आणि गप्प राहिल्याची लाज तिला आतून कुरतडत राहिली. बैहरच्या क्वार्टरमध्ये कंदिलाच्या उजेडात ती त्यांच्या शर्टाची बटणं लावायची, तेव्हा ते म्हणायचे, "घारीची नजर हाये वं तुही." त्याच माणसापुढं आता रोजचं सोंग.

आणि ते तर तिला किती जपायचे! त्यांचं स्वतःचं मोतीबिंदूचं ऑपरेशन "एकदम फस्ट क्लास" झाल्यापासून जास्तच. बाजारात निघाले की तिच्या खांद्यावर हात ठेवून चालायचे. रस्ता रुख्माबाईच्या पायांना पाठ होता म्हणून निभायचं. शेजारची चंपाबाई फाटकातून ओरडायची, "काय वं रुख्मा, नवीन लगन झाल्यावानी फिरून राह्यले दोघं!" रुख्माबाई हसायची. खांद्यावरचा तो हात मात्र तिला जड वाटायचा. इतका विश्वास, आणि आपण असे.

रविवारी सकाळी अश्विन आला. पिशवी खाली ठेवायच्या आधी टाकीपाशी गेला.

"वा! पाणी तं मस्त झालं. आई, कमाल केली तू."

रुख्माबाईनं पदरानं तोंड पुसलं.

जेवणं झाली. ती मागं भांडी घासत असताना टाकीचं झाकण वाजलं, पाण्यात डुबुक झालं, आणि अश्विनची हाक आली, "आलोच मी!" स्कूटर निघून गेली.

सोडले वाटतं मासे. आता तो परत येईल अन् विचारेल, आई, कोणता आवडला? त्याआधी काहीतरी माहीत करून घ्यायला हवं. हात पुसत ती समोरच्या खोलीत आली. हिरालाल टाकीजवळच्या खुर्चीवर होते.

"सोडले काजी मासे?"

ते खुर्चीत सावरून बसले. "काहून? तुले दिसून नाही राह्यले काय?"

"दिसते नं! आपलं विचारलं." आणि मग जे होईल ते होवो म्हणून ती बोलली, "तो लाल पाहा. कसा पळून राह्यला!"

"हौ," ते लगेच म्हणाले. "लाल भारी चपळ हाये. अन् काळा त्याच्या मागं."

रुख्माबाईचा जीव भांड्यात पडला. तिनं आणखी थोडं धाडस केलं. "काळा मोठा हाये नं?"

"मोठा अन् मस्तीखोर. तुह्या भावावानी."

"माह्या भावाले काहून ओढता? तुमच्या बहिणीवानी हाये तो. नुसता खाऊन फुगलेला."

हिरालाल खळखळून हसले. कितीतरी दिवसांनी ते असे हसत होते, आणि तिला रडू यायला लागलं. हा माणूस एवढ्या आनंदानं मासे पाहतोय, आणि आपण त्याच्याच तोंडून रंग चोरून त्यालाच फसवतोय. बस झालं. घर जायचं तर जाऊ दे.

"अजी, मले तुमच्याशी बोलायचं हाये."

"बोल मंग. आधी हे पाहा." त्यांनी तिचा हात धरला आणि तिचं बोट काचेवर टेकवलं. काच गार होती. "इथं. खड्याच्या मागं लपून बसला लाल. दिसला?"

पुन्हा तिचं तोंड बांधलं गेलं.

"दिसला," ती म्हणाली.

फाटक वाजलं. चपलांचा आवाज दारापर्यंत आला, त्याच्यासोबत प्लास्टिकच्या पिशवीत हिंदकळणारं पाणी.

"काय बाबा, आई!" अश्विन हसत म्हणाला. "थर्मामीटर टाकून दुकानात गेलतो, तं तुम्ही रिकाम्या टाकीत काय पाहून राह्यले? हे घ्या मासे. पहिला तुमच्या दोघांच्या हातानं सोडू."

तिच्या बोटावरचा हिरालालचा हात काचेवर तसाच राहिला.