दोघांनी म्हणायचं वाक्य

"न्हावी सोडला तर दुसऱ्याची दाढी करतो कोण?" बाई म्हणाल्या. "मग तुमच्या भाषेत 'स्वतःची' दाढी केली असं मुद्दाम कशाला सांगावं लागतं?"

मास्तर हसले. हा विनोद बाई अधूनमधून करत आणि मास्तर दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखे हसत. बाईंच्या भाषेत 'स्वतः' हा शब्दच नव्हता. माणसाने स्वतःपुरतं काही केलं की क्रियापद शेवटी जरासं वळायचं. आपोआप घडलं तर वेगळं वळण, दुसऱ्याकडून केलं गेलं तर आणखी वेगळं. मास्तरांनी कितीतरी भाषांमधले क्रियापदांचे प्रयोग पालथे घातले होते, पण इतकं देखणं काही त्यांना कुठे भेटलं नव्हतं.

ती भाषा बोलणाऱ्या आता बाई एकट्याच उरल्या होत्या.

मास्तर ती भाषा टिपून घ्यायला पहिल्यांदा आले तेव्हा दोघांचेही केस काळे होते. त्याच दुपारी त्यांच्या हातून बाईंचा आवडता कप फुटला आणि ते मेल्याहून मेल्यासारखे झाले. तुकडे गोळा करता करता बाई आपल्या भाषेत काहीतरी पुटपुटल्या. कप फुटला, यात कुणाचा दोष नाही, एवढं सगळं त्या एका क्रियापदात होतं. त्या रूपावर मास्तरांनी पुढे अख्खं प्रकरण लिहिलं. बाईंवर जीव जडला तोही त्याच दुपारी. त्याबद्दल मात्र त्यांनी कधी अवाक्षर काढलं नाही. लग्न राहूनच गेलं, दोघांचंही.

आज शेवटची बैठक होती. बाईंची भाची उद्या त्यांना आपल्या गावी घेऊन जाणार होती. बाहेरच्या खोलीत ती खोकी बांधत होती. मास्तरांच्या पुस्तकात एकच जागा रिकामी होती, 'एकमेकांना' या रूपाची.

"तेवढं राहिलं, बाई. तुम्ही गेलात की ते गेलंच."

"किती वेळा सांगू? ते एकटीने म्हणायचं नसतं. अर्धं एकाने म्हणायचं, अर्धं समोरच्याने. माझ्या भावाने आणि वहिनीने म्हटलं तेव्हा मी परकरात होते. त्यानंतर कुणी म्हटलंच नाही."

संशोधकाने ऐकायचं, आपण बोलायचं नाही, हा मास्तरांचा जन्माचा नियम. पण नियम धरून बसलं तर हाती धुपाटणंच यायचं.

"दुसरं अर्धं मी म्हणू?" त्यांनी घाबरत विचारलं.

बाई म्हणाल्या, "फार वर्षं लावलीत हो विचारायला."

"कामाची पद्धत होती ना."

"एकदा म्हटलं की पुसता येत नाही हं."

"पुसायचं कशाला? जपायलाच तर आलोय."

बाईंनी भाचीला हाक मारली आणि खालच्या घड्याळवाल्यालाही बोलावून आणायला सांगितलं. ऐकायला दोन माणसं लागतात म्हणाल्या. त्या दोघांना त्या भाषेतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण मास्तर खूश झाले. वाक्य कसं म्हणतात याची रीतसुद्धा नोंदवायला मिळत होती. बाई आत जाऊन केस सारखे करून आल्या. मास्तरांना म्हणाल्या, "उभे राहा."

"क्रियापद कुठलं घेऊ या?"

"सांभाळणं."

मास्तरांनी रेकॉर्डर सुरू केला. बाईंनी आपलं अर्धं म्हटलं, हळू, एकेक अक्षर सुटं करून. मास्तरांनी ओठांवरून जीभ फिरवली आणि उरलेलं अर्धं म्हटलं. घड्याळवाल्याने उगाच चष्मा पुसला.

"बरोबर?" मास्तरांनी विचारलं.

"एक अक्षर चुकलं नाही."

रेकॉर्डर बंद झाला. ज्यासाठी उभं आयुष्य घालवलं ते आज पुरं झालं होतं आणि मास्तरांना रडू येत होतं. उद्यापासून या घरी यायचं नाही, बाईंच्या हातचा चहा नाही, दाढीचा विनोद नाही. त्यांनी टोपी उचलली.

"येतो, बाई. सुखाने राहा."

भाची दारात आडवी उभी होती, एका डोळ्याने हसत आणि दुसऱ्याने रडत.

"आत्याला सोडून निघालात कुठे?" ती म्हणाली. "बाबा सांगायचे, असं अर्धं-अर्धं वाक्य आमच्याकडे लग्नातच म्हणतात, आतोबा."