सतरा वर्षं कॅप्टन

वरच्या हुद्द्याचा अधिकारी छावणीत आला, की त्याने आवडेल त्या घराकडे बोट दाखवायचं आणि तिथल्या कनिष्ठाने ते मुकाट्याने रिकामं करायचं, हा अमेरिकन लष्करातला जुना रिवाज. ॲम्ब्रोझ टटल सतरा वर्षं कॅप्टनच राहिला.

कॅन्ससमध्ये त्याला एका मेजरने घरातून उठवलं.

टेक्ससमध्ये दुसऱ्याने.

मनिलात कर्नलच्या बायकोला व्हरांडा आवडला.

"कॅप्टनसाहेब, फ्रान्समध्ये जर्मनांना हटवलंत म्हणे," सामान बांधताना त्याची बायको हेस्टर टोमणा मारायची, "मग माझं एवढंसं स्वयंपाकघर का नाही राखता येत?"

"एकदा निवृत्त होऊ दे. मग आपल्या घरातून तुला कोणी उठवणार नाही," तो थकून म्हणायचा.

१९२२ साली लष्कराने अधिकारी कमी केले, त्यात तो घरी आला. ओहायोत त्यांनी स्वतःचं छोटं घर घेतलं. पहिल्याच रविवारी शेजारचे म्हातारे गृहस्थ केक घेऊन दारात उभे राहिले आणि कौतुकाने आत डोकावत म्हणाले, "हे घर आम्हाला पहिल्यापासून फार आवडतं हो!"



"फक्त चार दिवस द्या, साहेब," हेस्टर म्हणाली. "रिकामं करतो."