बांगड्यांच्या काचांची कुंडी

“वन्सं, झाडांना तुमचा हात चांगला, बघा जरा,” म्हणत वहिनींनी कुंडी माझ्या ओट्यावर ठेवली. लिलीची पानं पिवळी पडून लोंबत होती. मी मात्र कुंडीकडेच पाहत राहिले. सिमेंट ओलं असताना आईनं तिच्या कडेला फुटक्या बांगड्यांच्या काचा बसवल्या होत्या.

आई गेली तेव्हा मी त्या घरातून फक्त या लिलीचा कंद मागितला होता. “तो कुजला, टाकून दिला,” असं वहिनी म्हणाल्या होत्या. आज कुंडी बदलण्याचेही कष्ट त्यांनी घेतले नव्हते. खोटं बोलणाऱ्यानं निदान ते लक्षात तरी ठेवावं.

“काय घालता हिला?”

“रोजचा चहाचा चोथा. खत म्हणून!”

“दुधासाखरेसकट?”

“आता चोथा कोण धूत बसतंय, वन्सं!”

मातीत मुंग्या फिरत होत्या आणि ही बाई त्याला बागकाम म्हणत होती.

वहिनी मोबाइल काढून बसल्या. मी कंद उपसला. वरचे पापुद्रे बुळबुळीत झाले होते, घाण वास मारत होता. ते सोलत गेले. आतला गाभा पांढरा, घट्ट निघाला. बूडही शाबूत होतं. राखेत घोळवून लावला की जगणार होता.

“वाचेल का हो?” मान वर न करता त्यांनी विचारलं.

मी गाभा पदराआड घेतला. “तो कुजला, टाकून दिला.”

“जाऊ दे मेलं. कुंडीही ठेवा, नुसती बोजड,” म्हणत त्या उठल्या. स्वतःचंच वाक्य त्यांना ओळखू आलं नाही.