फ्रिजवरचा एम्पनाडा

“ट्रक थांबवा, साहेब!” तांब्याच्या खाणीच्या कचेरीत मेकॅनिक एलियाना तिसऱ्यांदा म्हणाली. साहेबांनी तिसऱ्यांदा प्रयोगशाळेचा अहवाल पुढे सरकवला. “वाचा बाई, तेलात लोखंड नॉर्मल!” “अहो, तुमचं यंत्र फक्त बारीक भुकटी मोजतं! मोठे कण त्याला दिसतच नाहीत!” वैतागून तिने ट्रकच्या गिअरबॉक्समधल्या तेलाची बरणी टेबलावर आदळली आणि घरच्या फ्रिजवरचा, करंजीसारख्या एम्पनाडाच्या आकाराचा लोहचुंबक आत बुडवला. साहेब खदखदून हसले. “आता तांब्याची खाण एम्पनाडा चालवणार होय?” चुंबक बाहेर आला तो झिजलेल्या गिअरच्या चकाकत्या पोलादी कपच्यांनी केसाळ होऊन. साहेबांचं हसू मावळलं, हेका नाही. “अहवाल म्हणजे अहवाल!” “बरं! माझा नवरा हाच ट्रक घेऊन अँडीजचा उतार उतरतो. आज शेजारी तुम्ही बसा.” साहेबांनी चुंबकाकडे पाहिलं आणि ट्रकची किल्ली खणात टाकली. “पण कारण काय लिहू?” “लिहा, एम्पनाडा!”